निरीक्षकांचे कागदी मणी

भिंतीवरचे घड्याळ किंचित डावीकडे झुकले आहे हे घरात फक्त निरीक्षकांना दिसत होते, म्हणून स्टुलावर चढण्याची पाळीही त्यांच्यावरच आली. एका हातात सपाटी जोखायची पाणसळ, दुसऱ्या हातात घड्याळ, आणि तोल सांभाळायला तिसरा हात नाही. घड्याळ सरळ झाले, निरीक्षक आडवे झाले. डॉक्टरांनी पायाला गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घातले आणि पाऊल जमिनीला टेकवायचे नाही, अशी तंबी दिली.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्याचे निरीक्षक. निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, तरी गल्लीत, बाजारात, एवढेच काय नातेवाइकांतही ते निरीक्षकच राहिले होते. हयातभर त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले, कापडवाल्यांच्या पट्ट्या मोजल्या, दूधवाल्यांची मापे उलटी करून बुडाला पाडलेले पोचे शोधले. ते बाजाराच्या तोंडाशी दिसले, की काट्याला हळूच बोट लावून बसलेली माणसे बोट काढून घेत. त्यांनी कधी कुणाचा चहा घेतला नाही आणि कुणाला सूटही दिली नाही. असा माणूस पलंगावर पाय लांब करून पडला की घरातल्या इतरांचे जे व्हायचे ते होते. घरात इतर म्हणजे एकट्या त्यांच्या पत्नी.

पत्नी शाळेत गाणे शिकवत. मुले त्यांना गाणेबाई म्हणत. स्वभावाने त्या निरीक्षकांच्या अगदी उलट. चहात साखर किती घातली हे त्यांना घातल्यावरही सांगता येत नसे. चष्मा शोधायला त्या दुसरा चष्मा लावत. पण गळा असा, की त्या गुणगुणत घरात फिरू लागल्या म्हणजे साखर कमी पडली होती हे निरीक्षकसुद्धा विसरत.

तर त्याच सुमारास शाळेतल्या हस्तकलेच्या बाई लांब रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, तो तास गाणेबाईंच्या गळ्यात घातला. गाणेबाईंनी सांगून पाहिले, की मला साधे बटण लावता येत नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, पेटीवर बोटं चालतात ना तुमची, मग कागदावरही चालतील. मुलांना जुन्या मासिकांच्या कागदाचे दागिने करायला शिकवायचे होते, आणि त्याआधी नमुन्याची एक माळ घरून करून न्यायची होती.

काम तसे सोपे होते. रंगीत पानाची लांबट, एका टोकाला निमुळती होत जाणारी पट्टी कापायची. रुंद टोकाकडून ती विणकामाच्या सुईवर घट्ट गुंडाळत जायचे, शेवटाला डिंक लावायचा आणि सुई काढून घ्यायची. मध्ये भोक असलेला, पोटात फुगीर, कडांना बारीक असा मणी तयार होतो. वरून नेलपॉलिशचा पारदर्शक हात फिरवला की तो काचेसारखा चमकतो. मग मणी दोऱ्यात ओवायचे.

गाणेबाईंनी पलंगाशेजारी टेबल ओढून सुरुवात केली. पहिला मणी कांद्यासारखा झाला. दुसरा सुरवंटासारखा. तिसरा सुईवरून उतरायलाच तयार होईना, आणि ओढून काढला तेव्हा तो मणी राहिला नव्हता, त्याची पुंगळी झाली होती. निरीक्षक पडल्या पडल्या पाहत होते. त्यांनी कूस बदलण्याचा प्रयत्न केला, पण प्लॅस्टरमुळे तोंड फिरवून पडण्याची सोयही उरली नव्हती.

शेवटी ते म्हणाले, "आण इकडे ती पट्टी."

"तुम्ही पडून राहा. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"पायाबद्दल सांगितलंय. आणि माझी स्टीलची पट्टी आण कपाटातली. हे असं अंदाजपंचे कापून कसं चालेल?"

दुसऱ्या दिवशी गाणेबाई शाळेतून आल्या तेव्हा माळ तयार होती. निळे आणि पांढरे मणी, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. कुठे सुरकुती नाही, कुठे डिंकाचा थेंब नाही. गाणेबाई ती माळ उजेडात धरून कितीतरी वेळ पाहत राहिल्या. लग्न होऊन इतकी वर्षे झाली, पण या माणसाच्या हातून काही सुंदर होईल असे त्यांच्या कधी मनात आले नव्हते, आणि तसे त्यांनी बोलूनही दाखवले.

निरीक्षक सुखावले. पण लगेच सावध झाले आणि त्यांनी अट घातली, की शाळेत त्यांचे नाव घ्यायचे नाही. "ज्याला बघून काटे सरळ व्हायचे, तो आता घरात बसून मणी वळतो, हे बाजारात कळलं तर मला परत भाजी आणायला जाता येणार नाही."

गाणेबाईंना खोटे बोलता येत नसे. पण त्याची गरजच पडली नाही. माळ गळ्यात घालून त्या शिक्षकांच्या खोलीत गेल्या आणि सगळ्या जणी भोवती जमल्या. कुठून आणली असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, "घरीच केलीय." हे अक्षरशः खरे होते.

मोठ्या बाईंनी आपल्या भाचीसाठी तशीच एक मागितली. मग शिशुवर्गाच्या बाईंना कानातली हवी झाली. मग पालकांपर्यंत बातमी गेली. गाणेबाई रोज घरी येऊन चोरट्या आवाजात नवी मागणी सांगत, आणि निरीक्षक वरवर कुरकुर करत सुई हातात घेत. खरे तर त्यांचा दिवस आता भराभर सरत होता. त्यांनी कोणत्या मासिकाचा कागद किती फुगतो याचा अभ्यास केला. निवृत्तीच्या वेळी खात्यातल्या लोकांनी भेट दिलेला सोनाराचा छोटा काटा माळ्यावरून काढायला लावला आणि कानातल्यांचे जोड तोलायला सुरुवात केली. एक कानातले दुसऱ्यापेक्षा रतीभर जड निघाले तर ते बाद. गाणेबाईंनी विचारले, एवढ्याने कुणाला काय कळणार आहे? निरीक्षक म्हणाले, कानाला कळतं.

एके दिवशी दुपारी त्यांच्या हाताखाली काम शिकलेला आणि आता स्वतः निरीक्षक झालेला त्यांचा जुना सहकारी तब्येतीची चौकशी करायला आला. दार नुसते लोटलेले होते. पावले ऐकून निरीक्षकांनी हातातली ओली माळ पांघरुणाखाली सारली आणि हात छातीवर घेऊन आजारी माणसासारखे पडून राहिले. सहकाऱ्याने खुर्ची ओढली, खात्यातल्या बदल्या सांगितल्या, आणि मध्येच हवा हुंगून विचारले, की हा वास कसला येतोय.

"औषधाचा," निरीक्षक म्हणाले.

सहकाऱ्याची नजर त्यांच्या अंगठ्याकडे गेली. नख लखलखत होते. निरीक्षकांनी अंगठा मुठीत घेतला. सहकारी त्यांच्याच तालमीत तयार झाला होता, त्यामुळे दिसलेले न दिसल्यासारखे करणे त्याला जड गेले. तरी त्याने ते केले. तो गेल्यावर पांघरूण काढले तेव्हा माळ प्लॅस्टरला चिकटून वाळली होती. ती सोडवताना तिचे अर्धे मणी फाटले, आणि नडगीवर एक हिरवी-पिवळी नक्षी कायमची राहिली. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी ती पाहिली आणि घरात नातवंडे किती आहेत असे विचारले. निरीक्षकांना नातवंडे नव्हती. त्यांनी "आहेत एक-दोन" म्हणून वेळ मारून नेली. ज्या माणसाने कधी वजनात केसाएवढे इकडचे तिकडे होऊ दिले नाही, तो आता धडधडीत खोटे बोलू लागला होता.

शाळेत चित्रकलेच्या बाई मात्र पहिल्यापासून गप्प होत्या. त्यांनी एकदा मोठ्या बाईंच्या भाचीची माळ हातात घेतली, एकेक मणी दोऱ्यावर फिरवून पाहिला, आणि सगळ्यांसमोर शांतपणे सांगितले, की ही माळ माणसाने केलेली नाही. "हाताच्या कामात कुठेतरी हात दिसतो. इथे एक मणी दुसऱ्याहून जराही वेगळा नाही. हे यंत्राचं काम आहे. दुकानातून आणायचं आणि घरचं म्हणून सांगायचं, ते पण मुलांच्या शाळेत, हे काही बरं नव्हे."

झाले. शिक्षकांच्या खोलीत गाणेबाई आल्या की बोलणे थांबू लागले. मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून घेतले. माझा तुमच्यावर विश्वास आहे, असे त्या म्हणाल्या, आणि विश्वास असलेली माणसे पुढे जे म्हणतात तेच म्हणाल्या: शाळेच्या प्रदर्शनात पालकांसमोर टेबल मांडून बसा आणि चार मणी करून दाखवा, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील.

त्या संध्याकाळी गाणेबाई घरात गुणगुणल्या नाहीत. निरीक्षकांच्या ते लगेच लक्षात आले. खोदून विचारल्यावर त्यांनी सगळे सांगितले, आणि शेवटी म्हणाल्या, "मला कोणी बेसूर म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण लबाड म्हणाले हो."

 निरीक्षकांनी सुई आणि कागद पुढे केला. प्रदर्शनापर्यंत बायकोला तयार करायचे, असे त्यांनी ठरवले.

ती शिकवणी दोघांनाही सोसवली नाही. निरीक्षक म्हणत, पट्टीची कड कडेवर आली पाहिजे. गाणेबाई म्हणत, येतेय की. ती येत नसे. निरीक्षक म्हणत, बोटांवर लक्ष दे, गाण्यावर नको. गाणेबाई म्हणत, गाणं थांबलं की माझी बोटंही थांबतात. एकदा त्यांनी निरीक्षकांच्याच बाहीला डिंकाने मणी चिकटवला. निरीक्षक चिडून म्हणाले, इतक्या वर्षांत एवढा ढ दुकानदार पाहिला नाही. त्यावर गाणेबाईंनी सुई खाली ठेवली आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

एकटे पडल्यावर निरीक्षकांनी प्रकरणाचा नीट विचार केला. माल एकाचा आणि वर शिक्का दुसऱ्याचा, याला त्यांच्या खात्यात सरळ शब्द होता, फसवणूक. अशा कितीतरी दुकानांना त्यांनी टाळे लावले होते. या दुकानात मालही त्यांचा होता आणि दुसऱ्याचा शिक्का मारायला लावणारेही तेच होते. सजा मात्र बायकोला होत होती. ते बराच वेळ नडगीवरच्या नक्षीकडे पाहत राहिले.

प्रदर्शनाच्या दिवशी गाणेबाई सकाळीच निघून गेल्या. निरीक्षकांनी दाढी केली, खात्यात असताना घालायचे तो कोट चढवला, कुबड्या घेतल्या आणि रिक्षा बोलावली.

शाळेच्या सभागृहात गर्दी होती. कडेच्या एका टेबलामागे गाणेबाई बसल्या होत्या. समोर मोठ्या बाई आणि चित्रकलेच्या बाई उभ्या होत्या, आणि भोवती पालक.  गाणेबाईंच्या हातून पट्टी सुटत होती, डिंक ओघळत होता. मग त्यांनी नेहमीची युक्ती केली. डोळे अर्धवट मिटले आणि हलकेच गुणगुणायला लागल्या. मणी होऊ लागले. एक आखूड, एक जाडा, एकाची शेपटी बाहेर आलेली. लोक पुढे सरकून पाहत होते.

निरीक्षक कुबड्या टेकत थेट टेबलापर्यंत गेले आणि बाजारात पंचनामा वाचून दाखवायचे त्या आवाजात म्हणाले, "थांबा. आजवर शाळेत आलेल्या सगळ्या माळा आणि सगळी कानातली मी केलेली आहेत. माझ्या सांगण्यावरून यांनी ते लपवलं. दोष माझा आहे."

 गाणेबाईंनी डोळे उघडले. नवऱ्याला त्या कोटात आणि त्या प्लॅस्टरमध्ये असे उभे पाहून त्यांना भरून आले. शिशुवर्गाच्या बाई शेजारणीला हळूच म्हणाल्या, की नवरा असावा तर असा, बायकोसाठी वाटेल ते अंगावर घ्यायला तयार.

"अंगावर घेत नाहीये," निरीक्षक म्हणाले. "खरंच मी केलीत."

चित्रकलेच्या बाईंनी सुई त्यांच्यापुढे धरली. "मग करून दाखवा ना."

निरीक्षक खुर्चीवर बसले, कुबड्या टेबलाला टेकवल्या, कागद पुढे ओढला. आणि त्यांच्या लक्षात आले, की आपली स्टीलची पट्टी घरी राहिली. त्यांनी पट्टी मागितली. कोणीतरी वर्गातली लाकडी पट्टी आणून दिली. निरीक्षकांनी ती हातात घेतली, उलटून पाहिली, डोळ्यासमोर आडवी धरली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"दुसरी आहे का?"

दुसरी आली. त्यांनी दोन्ही एकमेकींना लावून पाहिल्या. "यातली एक खोटी आहे," ते म्हणाले. "बहुतेक दोन्ही."

मोठ्या बाई म्हणाल्या, अहो, असू द्या, साधी पट्टी तर आहे. निरीक्षकांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले, की त्यांना शाळेत असतानाचे आपले मुख्याध्यापक आठवले. ते म्हणाले, मुले या पट्टीने आखणार, मापणार, आयुष्यभर हाच अंदाज डोळ्यात ठेवून बाजारात जाणार, आणि तुम्ही म्हणता साधी पट्टी? शाळेतल्या सगळ्या पट्ट्या आणा. मुले धावली. वर्गावर्गातून पट्ट्या आल्या. निरीक्षकांनी कोटाच्या बाह्या वर केल्या आणि टेबलावर दोन ढीग लावायला सुरुवात केली, खऱ्यांचा आणि खोट्यांचा. पालकांना गंमत वाटू लागली. एका सुताराने आपल्या खिशातला टेप तपासायला दिला. तो खरा निघाला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. निरीक्षक इतके रंगले, की आपण कशासाठी आलो होतो याची त्यांना आठवण राहिली नाही.

त्या सगळ्या वेळात शेजारच्या खुर्चीवर गाणेबाई मणी वळत होत्या. आता त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते, त्यामुळे हातून पट्टी सुटत नव्हती. कांदे, सुरवंट, पुंगळ्या, जे होईल ते त्या दोऱ्यात ओवत गेल्या. माळ पुरी झाली, तेव्हा चित्रकलेच्या बाईंनी ती उचलली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे बघा," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "याला म्हणतात हाताचं काम. प्रत्येक मण्याला स्वतःचा चेहरा आहे."

खरोखरच ती माळ काही वेगळीच दिसत होती. एका आईने ती लगेच मागून घेतली, आणि तशीच आपल्यालाही हवी म्हणून बाकीच्या पुढे झाल्या. पण बिनचूक, चकचकीत माळा कोणी केल्या हा प्रश्न अजून शिल्लक होता. तो मोठ्या बाईंनी सोडवला. प्रदर्शन आटोपल्यावर त्यांनी निरीक्षकांना बाजूला घेतले.

"माझ्या आलं सगळं लक्षात," त्या मायेने म्हणाल्या. "बाई घरी अशा वाकड्या माळा करत होत्या. तुम्हाला वाटलं, शाळेत हसतील. म्हणून तुम्ही गुपचूप दुकानातून चांगल्या आणून त्यांच्या पिशवीत ठेवल्यात. त्या बिचारीला पत्ताही नाही. खरं ना?"

 "दुकानातून? मी? दुकानातला माल घरचा म्हणून दिला?"

"मनाला लावून घेऊ नका. प्रेमापोटी केलंत. आम्ही माफ केलंय."

आयुष्यात त्यांना शिव्या मिळाल्या होत्या, धमक्या मिळाल्या होत्या, एकदा तर एका तेलवाल्याने अंगावर पिंप लोटले होते. पण माफी पहिल्यांदाच मिळत होती, आणि तीही बनावट मालासाठी.  दारापाशी चित्रकलेच्या बाईंनीसुद्धा त्यांच्याकडे पाहून समजूतदारपणे मान हलवली.

रिक्षात बसेपर्यंत गाणेबाईंनी हसू दाबून धरले होते. मग त्या इतक्या हसल्या, की रिक्षावाल्याने वळून पाहिले. निरीक्षक समोर बघत बसले होते. गाणेबाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, कोट घालून माझ्यासाठी आलात, मला तेवढं पुरे आहे. निरीक्षक म्हणाले, मला नाही पुरे. ते म्हणाले, मी एक वाकडी माळ स्वतः करून त्यांच्यापुढे ठेवणार, म्हणजे त्यांना कळेल की या घरात दुकानातलं काही येत नाही.

आता शिकवणीची बाजू उलटली. गाणेबाई पलंगाशेजारी गुरू होऊन बसल्या. निरीक्षकांनी वाकडा मणी करायला घेतला आणि तो सरळ आला. पुन्हा घेतला, पुन्हा सरळ आला. गाणेबाई म्हणाल्या, पट्टी बाजूला ठेवा. त्यांनी ठेवली. तरी सरळ. "डोळे मिटा आणि दुसराच काहीतरी विचार करा." त्यांनी डोळे मिटून बराच वेळ दुसऱ्याच कशाचा तरी विचार केला, आणि उघडले तेव्हा हातात एक मणी होता, एका बाजूला झुकलेला, पोट सुटलेला, शेपटी बाहेर आलेला. निरीक्षकांनी तो तळहातावर ठेवून सगळ्या बाजूंनी पाहिला. इतका आनंद त्यांना नोकरीत बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

"जमलं," ते म्हणाले. "आता तू जा. बाकीचे मी करतो."

माळ व्हायला वेळ लागला, कारण निरीक्षकांनी ती मन लावून केली. पुढे गाणेबाई ती गळ्यात घालून शाळेत गेल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा निरीक्षक दाराकडे डोळे लावून बसले होते.

"काय म्हणाल्या चित्रकलेच्या बाई?"

गाणेबाईंनी माळ काढून त्यांच्या हातात दिली. सगळे मणी वाकडे होते. सगळे एकाच बाजूला झुकलेले, सगळ्यांची पोटे सारखीच सुटलेली, आणि सगळ्यांच्या शेपट्या एकाच लांबीच्या, एका रेषेत.

"म्हणाल्या, हल्ली दुकानात वाकडेसुद्धा साच्यातून काढलेले मिळायला लागले."

निरीक्षकांनी माळ उजेडाकडे धरली.

"साचा चांगला आहे, म्हणाल्या का?"